मदत हवी आहे: शंभर माणसं की हजार बोटं? (ठसे आणि रक्तगट)

नमस्कार मंडळी,

एमएस्सी मानवशास्त्राचा प्रबंध चालू आहे. रायगडमधल्या दोन आदिवासी जमातींतल्या प्रत्येकी पन्नासेक प्रौढांचे दहाही बोटांचे ठसे आणि एबीओ रक्तगट घेतलेत. सख्खी भावंडं वगळली, पण वाड्याच एवढ्याशा की चुलत-मावस नात्यातलं कोणीतरी आलंच असणार. (ठसे घेताना हमखास प्रश्न: "मला चक्रं किती? राजयोग आहे का?")

अडचण अशी. सगळी बोटं एकत्र धरून शंख (लूप), चक्र (व्होर्ल), कमान (आर्च) या ठशांच्या प्रकारांचा तक्ता केला आणि काय-स्क्वेअर (गटांमधली प्रमाणं वेगळी आहेत का हे पाहणारी चाचणी) लावला, तर फरक चांगलाच ठळक येतो. गाइड खूश आहेत. मला पटत नाहीये. एकाच माणसाची दहा बोटं दहा स्वतंत्र नमुने कशी होतील? डाव्या हातावर चक्रं जास्त असली की बहुधा उजव्यावरही असतात. शिवाय प्रत्येक बोटाची तऱ्हा वेगळी: अंगठ्याच्या बाजूला उघडणारा शंख बहुतेक तर्जनीवरच सापडतो, चक्रं अंगठ्यावर आणि अनामिकेवर जास्त. म्हणून माणशी पॅटर्न इंटेन्सिटी इंडेक्स काढला (चक्राला २, शंखाला १, कमानीला ०, म्हणजे एकूण ० ते २०) आणि मान-व्हिटनी (दोन गटांच्या आकड्यांची क्रमवारीने तुलना करणारी चाचणी) लावली. फरक जेमतेम उरला. स्त्रिया-पुरुष वेगळे केल्यावर तोही गेला.

रक्तगटांत तर फरक दिसतच नाही. पण एबीओ म्हणजे एकच जनुक, त्याच्या प्रकारांची वारंवारता काढता येते. ठशांमागे अनेक जनुकं (२०२२ च्या मोठ्या अभ्यासात हातापायांची घडण ठरवणारी पुढे आली, त्यात ईव्हीआय-१ ठळक) आणि वर गर्भातली परिस्थिती. एकसारख्या जुळ्यांचे ठसेसुद्धा तंतोतंत जुळत नाहीत. सीनियर म्हणतो, दोन्हींवरून गटांमधली अंतरं काढ आणि मॅन्टेल टेस्ट (अंतरांचे दोन तक्ते एकमेकांशी जुळतात का ते पाहणारी) लाव. अरे, गटच दोन, म्हणजे अंतर एकच! मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि मल्होत्रांनी १९६८ च्या लेखात आठ अंतर्विवाही (आपापसातच लग्नं करणारे) गट घेतले होते, तिथे असली तुलना शोभते.

तर जाणकारांनी सांगावं: माणूस हाच नमुना धरून मिक्स्ड मॉडेल (एकाच माणसाची बोटं एकमेकांशी बांधलेली आहेत हे हिशोबात घेणारं) लावू, की माणसांची दोन गटांत अदलाबदल करून परम्युटेशन टेस्ट पुरेल? आणि दुसऱ्यांनी छापलेली ठशांची आकडेवारी जोडून गट वाढवणं कितपत योग्य? शंख-चक्र ठरवण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, दुहेरी शंखाला तर कोणी चक्रातच मोजतं.

संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरपैकी आर येतं, एसपीएसएस नाही. डीएमआयटीवाल्यांनी (बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्यांनी) कृपया जाहिराती टाकू नयेत.