इंट सगळीकडं सारखा नसतोय

भावा, सी भाषेत पूर्णांकासाठी साधा इंट (int) वापरला की जुन्या-नव्या दोन्ही कंपायलरवर चालतंय म्हणालास, तसं नाही. मी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी टर्बो सी या जुन्या कंपायलरवर गुळाच्या वजनाचा प्रोग्रॅम केलेला, ११०० रवे गुणिले ३० किलो म्हणजे ३३००० यायला पाहिजेत तर स्क्रीनवर उणे ३२५३६, शेठ म्हणाले आता गूळ मीच देणं लागतोय काय! तिथं इंट १६ बिटांचा, ३२७६७ च्या पुढं उलटा फिरतोय, पीसीवर जीसीसी (gcc) या नव्या कंपायलरवर ३२ बिटांचा म्हणून चूक दिसतच नाही. इंटऐवजी लाँग (long) घे, किमान ३२ बिट मिळतातच, पण कास्ट, म्हणजे आकड्याचा प्रकार बदलणं, गुणाकाराच्या आधी कर, आकडा उलटल्यावर करून काय उपयोग, आणि लाँग छापताना प्रिंटएफमध्ये टक्का एलडी (%ld) विसरू नको. ठरावीक बिटांचे पूर्णांक देणारं स्टडइंट (stdint.h) हेडर सी९९ चं, म्हणजे सीच्या १९९९ च्या मानकातलं, टर्बोत नाहीच ते.