टोपण आहे, डोकं नाही: ह्याला मराठीत काय म्हणायचं?

अनगोळकर:
मंडळी, एक अडचण आहे. आमच्या बेळगावच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी नॅन्सी ड्रू ह्या हेरगिरी करणाऱ्या पोरीच्या पुस्तकांवरचा एक लेख मराठीत करतोय. ही मालिका १९३० साली सुरू झाली, लेखिकेचं नाव कॅरोलिन कीन. ही बाई जन्मालाच आलेली नाही. एडवर्ड स्ट्रेटमायर नावाच्या गृहस्थानं अमेरिकेत पोरांच्या गोष्टींचा कारखाना काढला होता. कथानकाचा आराखडा कारखान्यात व्हायचा. पुस्तक बाहेरचं कुणीतरी लिहायचं, ठरलेली रक्कम घ्यायचं आणि सगळे हक्क सोडायचं. पहिली नॅन्सी मिल्ड्रेड वर्ट ह्या बाईंनी लिहिली, १२५ डॉलरला. पहिल्या ३० पुस्तकांपैकी २३ त्यांचीच. लोकांना हे नीट कळलं ते १९८० च्या एका कोर्टकज्ज्यात.

मी लिहिलं, 'कॅरोलिन कीन हे टोपणनाव'. संपादक काकांनी खोडलं. म्हणाले, टोपणनाव कुणाचं तरी असतं, हे कुणाचं? मिल्ड्रेडबाईंना 'भूतलेखिका', म्हणजे घोस्टरायटर, म्हटलं तिथं नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. म्हणजे दोन शब्द हवेत, एक त्या नावाला आणि एक त्या बाईंना.

टिळकवाडीच्या ताई:
काकांनी योग्य केलं. 'भूतपूर्व आमदार' वाचून मोठे झालेल्यांना भूतलेखक म्हणजे माजी लेखकच वाटणार. माझ्या नातीनं विचारलंच, "आता लिहीत नाहीत का ते?" दुसरं असं, की आपल्याकडचं भूत अंगात आलं की स्वतःचं नाव सांगतं, काय हवं ते ओरडून मागतं. ह्या बाई करारावर सही करून गप्प बसल्या. 'छायालेखिका' लिहा.

खानापूरचा डीटीपीवाला:
ताई, छाया नको ओ. पेपरात फोटोखाली आम्ही 'छाया : अमुक' लावतो. छायालेखिका म्हटलं की फोटोखालच्या ओळी लिहिणारी वाटेल. सरळ घोस्टरायटर लिहा की. बँक, तिकीट, स्टेशन चालतंय तर हे का नको?

टिळकवाडीच्या ताई:
स्टेशन आपल्याकडे आलं तेव्हा त्याच्यासाठी शब्द नव्हता. दुसऱ्याच्या नावानं लिहिणं मात्र आपल्याकडे स्टेशनच्या कितीतरी आधीपासून आहे. नामदेवांच्या गाथ्यात नंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळलेत, ते वेगळे काढता काढता अभ्यासक दमले. त्या सहीला आपण 'नाममुद्रा' म्हणतो. कॅरोलिन कीन ही नाममुद्राच.

चिकोडीकर:
ताई, नाममुद्रेमागं निदान एक मूळचे नामदेव होते. इथं मूळचं कोणीच नाही. आमची शाळा कन्नड माध्यमाची, आम्ही 'काव्यनाम' शिकलो. कन्नड कवी कुवेंपु, ते नाव म्हणजे काव्यनाम. त्रिवेणी हे अनसूया शंकर ह्यांचं काव्यनाम, आणि बाईंनी लिहिल्या त्या कादंबऱ्या. म्हणजे काव्याचा संबंध नसला तरी कन्नडात हाच शब्द चालतो. शिवशरणांच्या वचनांत, म्हणजे त्यांच्या भक्तीच्या कवनांत, शेवटी येतं ते 'अंकित', बसवण्णांचं 'कूडलसंगमदेव'. ते तर देवाचं नाव, लिहिणाऱ्याचं नव्हेच. अनगोळकर, तुम्हाला हे जास्त जवळचं आहे.

टिळकवाडीच्या ताई:
मराठी अंकात कन्नड शब्द कशाला?

चिकोडीकर:
काव्य संस्कृत, नाम संस्कृत, अंकित संस्कृत. ह्यात कन्नड कुठलं ते दाखवा.

निपाणीकर:
मराठी-कन्नड पाट्यांचा वाद इथं नको. माझं ऐका. आमचे वडील सबरजिस्ट्रार कचेरीसमोर बाँड रायटर. तंबाखूच्या वखारी, शेतं, घरं, सगळ्यांचे दस्त त्यांच्या हातचे. दस्तात काय असतंय? 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार'. 'लिहून देणार' म्हणजे जमीन विकणारा. त्यानं एक अक्षर लिहिलेलं नसतंय, कित्येकदा येतच नसायचं. खाली नि. डा. अं., म्हणजे निशाणी डावा अंगठा. खरं कागदावर लिहून देणार तोच! ज्यानं बसून लिहिलं त्याच्यासाठी जुन्या कागदांत वेगळा शब्द आहे, 'बिकलम'. 'बिकलम अमुक', म्हणजे अमक्याच्या कलमानं. आणि मालकानं स्वतः लिहिलं तर 'दस्तुरखुद्द'. दस्तुर म्हणजे हस्ताक्षर. आता आपण 'दस्तुरखुद्द साहेब आले' म्हणतो, त्यात अक्षराचा पत्ताच नाही.

तर मिल्ड्रेडबाई म्हणजे बिकलम लेखिका. कॅरोलिन कीन म्हणजे लिहून देणार. झालं तुमचं काम.

खानापूरचा डीटीपीवाला:
भारी आहे हे! खरं कुणाला कळणार, मामा?

अनगोळकर:
निपाणीकर, शब्द आवडला, पण एक अडतंय. बिकलमवाला आपलं नाव उघड घालायचा, त्यासाठीच तो शब्द. इथं नाव दडवायचा करार आहे. 'शब्दांकन' मी ह्याच कारणानं टाकलं. पुढाऱ्याच्या आत्मचरित्रावर 'शब्दांकन : अमुक' छापतात, मग लपवलं काय?

वडगावकर:
एवढं कशाला? आपल्या बाबूराव अर्नाळकरांची हजाराच्या वर पुस्तकं. एका माणसाच्या हातून होतंय का ते? मागं कारकून बसवले असणार.

निपाणीकर:
असणार म्हणजे? काळा पहाड, झुंजार, धनंजय वाचून आमची अख्खी पिढी वाढली. लायब्ररीत एक पुस्तक चार घरं फिरून यायचं, शेवटचं पान फाटलेलं. कारकूनांनी लिहिलं ह्याला पुरावा काय?

अनगोळकर:
अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. तिथं टोपणाखाली डोकं होतं, म्हणून ते टोपणनाव. जास्त लिहिलं म्हणजे दुसऱ्यानं लिहिलं, हे धरू नका. मेरठच्या हिंदी पॉकेटबुकांतली काही नावं मात्र प्रकाशकाच्या मालकीची होती. लेखक सोडून गेला तरी नाव प्रकाशकाकडे राहायचं, त्याच नावानं पुढचा लिहायचा. माझा प्रश्न त्या जातीच्या नावाचा आहे.

चिकोडीकर:
'पेढीनाव' म्हणा मग. दुकानावर आजोबांची पाटी असते, गल्ल्यावर कोण बसलंय ते गिऱ्हाईक विचारत नाही.

टिळकवाडीच्या ताई:
पेढीनाव! हा चांगला आहे. मराठी आहे आणि कळतोही.

लिहिणाऱ्याचं म्हणाल तर मी स्वतः पुष्कळ मंगलाष्टका लिहून दिल्यात. खाली छापलेलं असायचं 'आपली लाडकी आत्या', 'आपले मामा'. एका मामांनी तर हॉलमध्ये माइकवर गाऊन टाळ्या घेतल्या आणि मग मलाच विचारलं, "जमलंय का हो?" मी म्हटलं, छान. मानधन म्हणून ब्लाउजपीस आणि लाडूचा पुडा. त्या कामाला आम्ही कधीच नाव दिलं नाही. 'ताईंकडून लिहून आणा' एवढंच.

खानापूरचा डीटीपीवाला:
ताई, त्यातल्या निम्म्या मीच छापल्या असतील. 'शुभमंगल सावधान' दर वेळी वेगळ्या पद्धतीनं लिहून यायचं.

अनगोळकर:
फ्रेंचांनीही ह्यावर भांडण केलंय. द्यूमाच्या कादंबऱ्यांत ओग्युस्त माके ह्यांचा मोठा हात. १८५८ साली ते कोर्टात गेले, पैसे मिळाले, मुखपृष्ठावर नाव नाही मिळालं. अशा लेखकाला तिकडं जो शब्द होता तो काळ्या गुलामांवरून आलेला. २०१७ साली सरकारी भाषासमितीनं तो बाजूला करून 'लेखणी उसनी देणारा' अशा अर्थाचा शब्द सुचवला.

वडगावकर:
उसनी कसली? उसनं परत येतंय. ही विकलेली.

टिळकवाडीच्या ताई:
'उसनलेखक' कानाला बरा लागतो.

निपाणीकर:
उसनवारी नको, बिकलमच ठेवा. हवं तर 'गुप्त बिकलम' करा.

चिकोडीकर:
मामा, ते बकलम आहे की बिकलम? फारसीत 'ब' लावतात, म्हणजे बकलम व्हायला हवं.

निपाणीकर:
फारसीत काय होतंय ते फारसीवाल्यांना विचार. मोडी कागदात 'बि' घालून पुढं दोन दांड्या मारलेल्या असतात, मी स्वतः बघितलंय.

चिकोडीकर:
मोडीत ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे तो 'बी' असू शकेल. फोटो टाका.

निपाणीकर:
ट्रंक माळ्यावर आहे. पोरगा रविवारी येतोय, काढून टाकतो.

टिळकवाडीच्या ताई:
आणि तुम्ही सगळे 'पण'च्या जागी 'खरं' लिहिताय ते अंकात जाऊ देऊ नका.

निपाणीकर:
का ओ? बेळगावचा अंक आहे न्हवं? आमच्याकडं 'खरं'च म्हणतात.

अनगोळकर:
काकांना 'पेढीनाव' कळवतो. बाईंसाठी अजून काही सुचतंय का? अंक छपाईला चाललाय.

वडगावकर:
'खरं' मूळचं कन्नड आहे म्हणे.

टिळकवाडीच्या ताई:
अजिबात नाही!