फसवणुकीनंतरचा संसार: तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

नवऱ्याचं किंवा बायकोचं बाहेर काही आहे हे कळल्यावरही ज्यांनी संसार मोडला नाही, किंवा मोडू नये म्हणून झटून पाहिलं, त्यांनी इथं लिहावं. कळलं कसं ते दोन ओळींत आटपा, नंतरचं सविस्तर लिहा: झोप, पैसे, मुलं, सासर-माहेर. खरी नावं नकोत. 'मी असते तर हाकलून दिलं असतं' हेही नको, ते ऐकवायला घरोघरी माणसं असतात. सुरुवात मीच करते.

घडीची पोळी, पुणे

गाडी माझ्या नावावर, म्हणून फास्टॅगचे मेसेज मला येतात. नवरा चाकणला ऑडिटला गेलेला आणि मेसेज मुंबईच्या रस्त्यावरच्या खालापूर टोलचा, दुपारी दीडचा. मी बावळट, टॅगचा घोळ समजून पैसे परत मिळवायला तक्रार करायला निघाले होते!

प्रकरण ऑफिसातलं, चौदा महिन्यांचं. त्यानं नोकरी सोडली, नवीन ठिकाणी पगार कमी. फोनचा पासवर्ड स्वतःहून दिला. रोज रात्री तो झोपला की मी बाथरूममध्ये स्टुलावर बसून फोन उपसायची. सापडायचं काही नाही आणि झोपही यायची नाही. जुन्या तारखा जुळवत बसायचे. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्या दिवशी हा कुठे होता? वाढदिवसाची साडी कुणी निवडली? (तिनेच. ती साडी मी बोहारणीला दिली, बदल्यात एक बरी कढई मिळाली.)

प्रश्न कधीही यायचे. एकदा तो चहा गाळत होता आणि माझ्या तोंडून गेलं, "ती साखर किती घ्यायची?" गाळणं हातात तसंच धरून तो म्हणाला, "एक चमचा." बस. 'किती दिवस तेच उगाळणार' असं म्हणाला असता, तर त्याच दिवशी मी बॅग भरली असती. आता अडीच वर्षं झाली. एके सकाळी लक्षात आलं की रात्री फोन बघायचा राहून गेला. 'पुरुषांचं असतंच असं' म्हणणाऱ्या सासूबाईंशी मात्र अजूनही कामापुरतंच बोलते.

नाव नको, नाशिक

माझ्या बाबतीत उलटं. बायकोचं होतं. पुरुषानं हे कुणाला सांगायचं? भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "तुझ्यातच काही कमी असेल." त्यानंतर दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

वकिलाकडे गेलो ते त्या माणसाला तुरुंगात घालायला. वकील म्हणाले, व्यभिचाराच्या गुन्ह्याचं कलम ४९७ सुप्रीम कोर्टानं २०१८ सालीच रद्द केलं. व्यभिचार घटस्फोटाचं कारण अजूनही आहे, पण तो सिद्ध करावा लागेल. संमतीनं घ्यायचा तर वर्षभर वेगळं राहा, मग अर्ज, मग साधारण सहा महिने थांबा. मी म्हटलं, चालेल. ती माहेरी सिन्नरला गेली.

दर शनिवारी मुलाला आणायला जायचो. आधी गाडीतून हॉर्न वाजवायचो. पावसाळ्यात तिच्या वडिलांनी छत्री घेऊन बाहेर येऊन सांगितलं, "जावईबापू, हॉर्न वाजवून माणसं बोलावत नाहीत." मग ओट्यावर बसायला लागलो. तिनं पहिल्यांदा सगळं सांगितलं ते त्या ओट्यावर, आणि मी पहिल्यांदा मध्ये न तोडता ऐकलं. तिच्या चुकीचं खापर मी स्वतःवर घेत नाही. पण चार वर्षांत तिच्याशी हप्ते आणि शाळा सोडून मी तिसऱ्या विषयावर बोललो नव्हतो, हेही खरं. वर्ष संपलं तेव्हा वकिलाला फोन करायचं माझ्याकडून लांबत गेलं. ती दिवाळीला घरी आली. अजून आहे.

चूक माझी, ठाणे

मी फसवणाऱ्यांतला. शिव्या द्या, पण एवढं वाचा: मी खरं हप्त्याहप्त्यानं सांगितलं. आधी 'फक्त मेसेज', मग 'दोनदा भेटलो', मग उरलेलं. मला वाटलं, तिला कमी लागेल. दर हप्त्याला ती पहिल्या दिवसावर परत गेली. जे सांगायचं ते एकदाच सांगा.

तिची पहिली अट होती तपासणीची. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते. बाकावर आम्ही दोघं, मधल्या रिकाम्या जागेवर तिची पर्स. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण लागण नवी असेल तर चाचणीत लगेच दिसत नाही म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. ते तीन महिने मी हॉलमध्ये झोपलो. दुसऱ्या खेपेला पर्स तिच्या मांडीवर होती. मी तेवढ्यावर आनंद मानला.

मोठी मुलगी

मी लेक म्हणून लिहितेय. आमच्या आईबाबांनी 'मुलांसाठी' संसार टिकवला. म्हणजे काय, तर "बाबांना सांग, गॅस बुक करा" आणि "आईला सांग, केला." दोघंही एकाच खोलीत. मी तेव्हा नववीत होते, पण सगळं कळत होतं. आमच्यासाठी काही करायचंच होतं तर एकमेकांशी बोलायला हवं होतं.

कोकणी माणूस

बाईच आहे, आयडी जुना आहे. मी तीन वर्षं प्रयत्न केला. समुपदेशन झालं, तो दर वेळी आला, पुन्हा काहीही केलं नाही. तरी त्याचा हात खांद्यावर पडला की माझं अंग आकसायचं. शेवटी मीच निघाले. भांडण नाही. गणपतीला अजून त्यांच्या घरी जाते, मोदक वळायला माणूस लागतो.

चूक माझी, ठाणे

घडीची पोळी ताई, एक विचारतो. ती गाडी विकलीत का?

घडीची पोळी, पुणे

नाही, कर्ज होतं अजून. फास्टॅगचा मेसेजही माझ्याकडेच येतो. हल्ली मुंबईला निघाला की टोलच्या आधी त्याचा फोन येतो, "आता मेसेज येईल." परवा मी फोडणीत होते, म्हटलं, "येऊ दे. परत येताना चिक्की आण, शेंगदाण्याची."