सिकलसेलच्या पेशंटला हात बधिर करायचा ब्लॉक: बिअर की ॲक्झिलरी?

प्रश्न (ग्रामीण रुग्णालय, गडचिरोली जिल्हा)
धानाच्या मळणीयंत्रात उजव्या हाताची तीन बोटं चेचलीत. वय २८, वजन ५० किलो, नुकताच जेवलेला. सिकलची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह, पुढचा रिपोर्ट नाही. जखम धुऊन दोन टोकं काढायची, तासाभराचं काम. भरल्या पोटी पूर्ण भूल नको वाटते. सोनोग्राफीची लिनिअर प्रोब आहे. बिअर ब्लॉक (दंडाला कफ आवळून खालच्या शिरेत बधिरीचं औषध) चालेल का?

भूलवाला_गोंदिया
बिअर नको जी. कफ २५० ला चढवला की खाली अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपतो, आम्लता वाढते, अन् पेशी विळ्यासारख्या वाकतात. सोल्युबिलिटीवरून एएस (नुसता वाहक) की एसएस (प्रत्यक्ष आजार) कळत नाही, म्हणून एसएसच धरून चला.

ॲक्झिलरी, म्हणजे काखेतला ब्लॉक, द्या. फुफ्फुस लांब राहतं, धमनीला टोचलं तर बोटाने दाबताही येते. हात ९० अंशांत बाजूला, प्रोब काखेच्या घडीत आडवी. धमनीच्या वर-बाहेर मीडियन नस, आतल्या अंगाला अल्नर, मागे रेडियल. रेडियलच सर्वांत जास्त हुकते. सुई धमनीखालून न्या. प्रत्येकीला बधिरीचं औषध, ०.५ टक्के ब्युपिव्हाकेन, ५ मिली, दर २-३ मिलीला ओढून रक्त येतं का पाहायचं. औषध ढकलताना जोर लागला किंवा बोटात कळ गेली तर थांबा, सुई मागे घ्या. चढायला २० ते ३० मिनिटं. सर्जनला तोवर चहा पाजा.

प्रश्नकर्ता
अन् करंगळी बधिर न होता जागीच राहिली तर?

भूलवाला_गोंदिया
मनगटाशी अल्नर धमनीच्या आतल्या बाजूला, स्नायूबंधाखाली १ टक्के लिग्नोकेन ३ मिली. पण हिशेब ठेवा: ब्युपिव्हाकेनची मर्यादा २ मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे १०० मि.ग्रॅ. १५ मिलीत ७५ गेले. उरलेल्या पाव भागात साधं लिग्नोकेन साधारण ५० मि.ग्रॅ. बसतं, २ टक्क्यांचं अडीच मिली. दोन्हींचं विष बेरजेनंच चढतं. सर्जन न विचारता १० मिली टोचतात, तिथंच घोळ होतो. ॲड्रेनालिन मिसळू नका, बोटांचा रक्तपुरवठा आधीच बेभरवशाचा.

ओटी_वर्धा
दोन गोष्टी राहिल्या. सुई टोचण्याआधी प्रत्येक बोटाची संवेदना तपासून केसपेपरवर लिहा, नाहीतर यंत्राने तुटलेली नस ब्लॉकच्या नावावर खपते. दुसरं, चेचलेला हात नंतर सुजतो, अन् ब्युपिव्हाकेन १२ तास दुखणं झाकू शकतं. तळहात ताठ झाला, बोट सरळ करताना हाताला कडक लागलं, तर आत दाब वाढलेला असू शकतो, दुखत नाही म्हणून सोडू नका.

बाकी ओटीचा एसी बंद, सलाइन कोमट, ऑक्सिजन चालू. गुंगीचं इंजेक्शन नको: पोट भरलेलं, शिवाय श्वास मंदावला तर सिकलला निमित्तच. कफऐवजी हात उंच धरून दाब द्या.

भूलवाला_गोंदिया
बधिरीच्या औषधाचं विष चढलं तर उतारा म्हणून लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण) २० टक्के ब्लॉकच्या आधी टेबलावर. जीभ बधिर, कानात घुं, झटका, नाडी बिघडली की ऑक्सिजन देऊन ७५ मिली २-३ मिनिटांत, मग मिनिटाला १२.५ मिली, एकूण ६०० मिलीच्या वर नाही. झटक्याला मिडाझोलाम. प्रोपोफॉल पांढरं दिसतं म्हणून ते लिपिडच्या जागी चालत नाही. अन् बाटली डीप फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठलेली वापरता येत नाही.