आइस मेकरच्या बर्फात तांबूस कण, डिस्पेन्सरच्या जाळीला गंज

फैजपूरकर:
साइड-बाय-साइड फ्रिज आहे, पाच वर्षं जुना. आइस मेकर बोअरच्या लाइनला थेट जोडलेला, मध्ये फक्त फ्रिजचा स्वतःचा कार्बन फिल्टर. बर्फात तांबूस कण येतात. दारातल्या डिस्पेन्सरखालची जाळी गंजलीय आणि बर्फाच्या डब्यातल्या, बर्फ पुढे ढकलणाऱ्या पिळाच्या दांडीवरही ठिपके आहेत. तारेच्या घासणीनं जाळी लख्ख होते, आठ दिवसांत पुन्हा लाल. डबाच बदलायचा का?

तापीकाठ:
डबा राहू द्या भो, आधी ती घासणी फेका. साध्या लोखंडी घासणीचे बारीक तंतू तुटून जाळीत रुततात आणि मग तेच गंजतात. शिवाय मुलामा खरवडला जातो तो वेगळाच.

आता गंज धातूचा की पाण्यातला, ते बघा. काचेचे दोन ग्लास घ्या. एकात फ्रिजच्या आधीच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात डिस्पेन्सरचं. रात्रभर उघडे ठेवा. दोन्हींच्या तळाशी तांबूस गाळ बसला तर लोह पाण्यातच आहे. बोअरमधून निघताना ते विरघळलेलं असतं म्हणून पाणी नितळ दिसतं, हवा लागली की लाल होतं. फक्त दुसऱ्यात गाळ आला तर दोष फ्रिजकडच्या वाटेत. दोन्ही स्वच्छ आणि बर्फ मात्र लाल, तर ती दांडीच.

गिरणाथडी:
साफसफाईचं सांगतो. प्लग काढा, मागचा पाण्याचा कॉक बंद करा, डबा बाहेर घ्या. १ लिटर कोमट पाण्यात २ टेबलस्पून लिंबूसत्त्व विरघळवून जाळी ३० मिनिटं बुडवा, मग नायलॉनच्या ब्रशनं घासा. क्षारांचा पांढरा थरही यातच सुटतो, आणि तो सुटायलाच हवा, कारण त्याच्याखाली ओल धरून राहते. दांडी बुडवू नका, ओल्या फडक्यानं हेच पाणी लावा. नंतर चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं धुवा, साध्या पाण्यानं खळबळा आणि पूर्ण कोरडं करा. ओला डबा आत ठेवला तर दांडीचा सांधा गोठून मोटर अडकते.

ब्लीच आणि संडासाचं अ‍ॅसिड बिलकुल नको. त्यातल्या क्लोराइडनं स्टीललाही बारीक खड्डे पडतात. दांडीवर खड्डे नखाला लागत असतील तर दांडी बदला. जाळीचा मुलामा उडून लोखंड उघडं पडलं असेल तर तीही बदलाच, ती सहसा सुटी मिळते. बर्फाला लागणाऱ्या भागावर रंग मारायचा नाही. डिस्पेन्सरच्या लीव्हरच्या स्प्रिंगला खोबरेल लावतात लोक. ते थंडीत थिजतं. खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, तेही थेंबभर.

फैजपूरकर:
दोन्ही ग्लासांत गाळ बसला, नळाच्या जरा जास्त. मग आरओचं पाणी आइस मेकरला जोडू का?

तापीकाठ:
थेट नको. लोहानं आरओचा मेम्ब्रेन लवकर चोंदतो, म्हणून आधी लोह काढणारा फिल्टर लागेल. ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर फक्त कण अडवतो, विरघळलेलं लोह त्यातून सरळ जातं. तुमच्या कार्बन फिल्टरचंही तेच.

दुसरी अडचण दाबाची. फ्रिजच्या व्हॉल्व्हला किमान दाब लागतो, बऱ्याच मॉडेलना २० पीएसआयच्या आसपास. तुमचा आकडा पुस्तिकेत बघा. आरओचा दाब त्याहून कमी पडला की बर्फाचे तुकडे पोकळ येतात, व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि ठिबकणारं पाणी आइस मेकरमध्ये पाणी सोडणाऱ्या नळीत गोठतं. म्हणजे बूस्टर पंप आला.

एवढा खर्च नको असेल तर आइस मेकर बंद ठेवून नगरपालिकेच्या पाण्यानं साधे ट्रे भरा. मे महिन्यात गैरसोय होईल, पण बर्फ पांढरा मिळेल.

गिरणाथडी:
आणि फ्रिजपर्यंतची लाइन जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) असेल तर शेवटचा तुकडा पाव इंची फूड-ग्रेड प्लॅस्टिक नळीचा करा. जोडणी झाल्यावर पहिले दोन-तीन घाणे बर्फ फेकून द्यायचा.