मदत हवी आहे: हाउसच्या रेकॉर्डी धिम्या वाजताहेत, दोष प्लेयरचा की माझ्या कानाचा?

पिन घसरली (बेळगाव)

नमस्कार मंडळी. मी शहापुरात राहतो. जरा लांबण लावणार आहे, पण वाचा, कारण गेले आठ महिने मी सगळं चुकीचंच ऐकूलालोय की काय अशी शंका आली आहे.

माझा आतेभाऊ १९९२ ते २००१ शिकागोत होता. तिथल्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानांतनं त्यानं हाउस म्युझिकच्या बारा इंची रेकॉर्डी जमवल्या. परत येताना एक खोका आणि प्लेयर जहाजानं पाठवला. ते सामान खानापूरला आत्याच्या माळ्यावर गेलं आणि तिथंच राहिलं. खानापूरचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. यंदा ते घर पाडून नवीन बांधायचं ठरलं, तेव्हा आत्या म्हणाली, "ते काळं काय आहे ते घेऊन जा बाबा, नाहीतर भंगारवाल्याला देतो मी." मोजल्या तर ६३ निघाल्या.

हाउस ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिकागोत १९७७ मध्ये 'वेअरहाउस' नावाचा क्लब निघाला. तिथं फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवायचा. त्या क्लबच्या नावाचं शेपूट धरून या संगीताला हाउस म्हणू लागले, असं बहुतेक जण मानतात. एका मापात चार ठोके, चारही सारख्याच वजनाचे. आमच्या गल्लीत गणपतीला डॉल्बीवर जे दणकतं, त्याचा हा शिकलेला चुलता समजा.

आता अडचण. प्लेयर अमेरिकन आहे, बेल्टवर चालणारा. बाजारातनं २३० चं ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला. दुकानदार म्हणाला, "लावा बिनधास्त, काय होत नाही." लावला, वाजला, आणि खरं सांगतो, छान वाजला. भारदस्त, सावकाश, जरा उदास. मी समजलो हाउस असंच असतं. एका रेकॉर्डीवर एक बुवा गायचे, खर्जातला आवाज, सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी कीर्तनकार दमतात तसा दमलेला. आमची आईसुद्धा "ते बुवा लाव" म्हणायची. मागच्या महिन्यात तीच रेकॉर्ड फोनवर सापडली. बुवा नव्हतेच. बाई होती.

ठोके मोजायचं ॲप लावून बघितलं. फोनवर मिनिटाला १२४, रेकॉर्डीवर १०३. ॲपवर विश्वास बसेना म्हणून शेजारच्या आप्पांना बोलावलं. ते भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवतात. फोनवरचं ऐकून त्यांनी पांढरी तीन दाबली, सूर चपखल बसला. रेकॉर्डीवरचं ऐकून काळी एक दाबली आणि मान हलवली. "काळी एकच, पण किंचित उतरलीय." मग मी प्लेयर ३३ वरनं ४५ वर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) टाकला. आता बाई उंदरासारखी गायला लागली. आप्पा म्हणाले, "ही काळी तीन. तुझं मशीन खाली तीन पट्ट्या जातंय, वर दोन जातंय, मधल्या घरात बसायला तयार नाही की रे."

आणि खरी गोची पुढं आहे. खोक्यात भावानं पुठ्ठ्याची स्ट्रोब चकती ठेवली होती. वेग बरोबर असला की ट्यूबलाइटखाली तिच्या रेघा स्थिर दिसतात. आमच्या स्वयंपाकघरात अजून जुनी चोकवाली ट्यूब आहे. प्लेयर तिथं नेऊन ३३ च्या रेघा बघितल्या, तर ढिम्म उभ्या! म्हणजे वेग अचूक. मग मोटार म्हातारी झाली म्हणायचं तरी कसं? बेल्ट नवा घातला, तेल दिलं, काडीचा फरक नाही.

कुणाला काही सुचत असेल तर सांगा. बुरशीचंही विचारायचं आहे, निम्म्या रेकॉर्डींवर पांढरे ठिपके आहेत. आणि बऱ्याच रेकॉर्डींना नुसता कोरा पांढरा कागद चिकटवलाय, नाव ना गाव. त्या ओळखायच्या कशा?

जुनी तबकडी (निपाणी)

तुमचं संगीत मला कळत नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. माझ्याकडं नाट्यसंगीत आणि कुमार गंधर्वांच्या जुन्या ७८ च्या रेकॉर्डी आहेत. कुमारजी आपल्या सुळेभावीचे, म्हणून जरा जास्तच जीव.

बुरशीचं सांगतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा. एका लिटरमध्ये भांडी घासायच्या द्रवाचे दोनतीन थेंब, बस्स. मऊ फडक्यानं खाचांच्या दिशेनं गोल पुसायचं, आडवं नाही. मग नुसत्या पाण्यानं परत एकदा. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका. आतली कागदी पाकिटं सरळ फेकून द्या, बुरशी त्यातच राहते आणि पुन्हा येते. तुमच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डीला थोडं आयसोप्रोपिल चालतं म्हणतात. माझ्यासारख्या लाखेच्या रेकॉर्डी असतील तर स्पिरिटचा थेंबही नको, लाख विरघळते. मी एक अशीच घालवलीय. कुठली ते विचारू नका.

वेगाचं म्हणाल तर निपाणीला या. माझ्याकडं चार वेगांचा जुना पेटी-प्लेयर आहे, त्यावर लावून बघू.

सोल्डर आणि चहा (अनगोळ)

काका, बोलावणं प्रेमाचं आहे, पण पिनभाऊ, त्या पेटी-प्लेयरवर या रेकॉर्डी लावू नका. जुन्या सिरॅमिक पिनेचा भार पाचसहा ग्रॅम किंवा जास्तच असतो. तुमच्या प्लेयरचा दोनच्या आसपास असेल. एकदा लावून जग बुडणार नाही, पण बारा इंची रेकॉर्डीची उंच पट्टीतली झांज पहिली जाते आणि गेलेली परत येत नाही.

आता मुद्दा. प्लेयर उलटा करा आणि मागची पाटी वाचून इथं लिहा. व्होल्ट नको, त्याच्यापुढचा आकडा सांगा.

पिन घसरली

१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १२ वॅट.

सोल्डर आणि चहा

सापडलं. तुमच्या आप्पांना माझा नमस्कार सांगा, अर्धं निदान त्यांनीच केलंय.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते, आपल्याकडं ५० वेळा. तुमची मोटार सिंक्रोनस आहे, म्हणजे ती विजेच्या हेलकाव्याच्या तालावर फिरते. ताल सहाचा पाच झाला की तीही सहाची पाच होते. ३३ (खरं तर ३३ पूर्णांक एक तृतीयांश) ऐवजी २७.८ फेऱ्या, ४५ ऐवजी ३७.५. तुमचे १२४ ठोके भागिले सहा गुणिले पाच करा, १०३ येतात. सुराच्या हिशेबात हे तीन पट्ट्यांहून थोडं जास्त खाली. म्हणून काळी एक 'किंचित उतरलेली'. चाळीस वर्षं पेटी वाजवलेला कान आहे तो.

स्ट्रोब चकती का फसली तेही सांगतो, कारण ही गंमत मला फार आवडली. ५० हर्ट्झची चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, ६० ची १२० वेळा. ३३ च्या वेगासाठी अमेरिकन चकतीवर २१६ रेघा असतात, आपल्याकडच्या चकतीवर १८० लागतात. तुमच्याकडं चकती अमेरिकन, ट्यूब बेळगावची. मोटार जेवढी मंदावली तेवढीच ट्यूबही मंद. दोघांनी मिळून एकच थाप मारली आणि साक्ष जुळली.

खात्री करायची तर चकती ठेवा बाजूला. प्लेयरच्या फिरत्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि तीन मिनिटं फेऱ्या मोजा. शंभर भरायला हव्यात. तुमच्या ८३ भरतील.

पिन घसरली

८३. आईनं मोजल्या, मी घड्याळ बघत होतो. ती ८४ म्हणतेय, पण शेवटची अर्धवट होती.

आता उपाय सांगा. हा प्लेयर विकायचा नाही, भावाची आठवण आहे.

सोल्डर आणि चहा

पिच नॉब (वेग थोडा कमीजास्त करायचं बटण) असला तरी भागणार नाही. डीजेंच्या जुन्या टेक्निक्स १२०० प्लेयरचा पिचसुद्धा आठ टक्केच वर जातो, तुम्हाला वीस टक्के हवेत. अर्थात तसल्या डायरेक्ट ड्राइव्हला (बेल्टशिवाय, थेट मोटारीवर फिरणाऱ्या) ही भानगडच नसते, तिथं वेग घड्याळासारखा क्वार्ट्झ ठरवतो.

एक मार्ग म्हणजे ६० हर्ट्झ, ११५-१२० व्होल्टची शुद्ध साइन वेव्ह देणारा छोटा सप्लाय. १२ वॅटच लागतात, पण चांगला मिळणं कठीण आणि स्वस्त नाही. घरच्या इन्व्हर्टरवर लावायचं डोक्यात असेल तर काढून टाका. तोही ५० च देतो आणि स्क्वेअर वेव्हचा असला तर मोटार गुरगुरते. दुसरा मार्ग तुमच्या दारात आहे. मोटारीवरची पुली (बेल्ट फिरवणारं छोटं चाक) बदला, वीस टक्के मोठी. आपली कारखान्यांची उद्यमबाग कशासाठी आहे?

आणि हो, ६० ची मोटार ५० वर जरा जास्त तापते. म्हणून सप्लाय येईपर्यंत ११० च ठेवा, १२० करायच्या भानगडीत पडू नका.

लेथवरचा माणूस (उद्यमबाग)

पुलीचं मी बोलतो, पोटाचा धंदा आहे.

पुलीवरच्या ३३ च्या पायरीचा व्यास मायक्रोमीटरनं मोजा. समजा १० मिलीमीटर आला. सगळे म्हणतील वीस टक्के वाढवा, १२ करा. चुकतंय. बेल्टची जाडीही धरावी लागते. बेल्ट ०.६ असेल तर दहा अधिक ०.६, गुणिले १.२, वजा ०.६. उत्तर १२.१२. तेवढ्यानं एक टक्का फरक पडतो आणि तुमच्या आप्पांना तो ऐकू येणार. ४५ ची पायरीही याच हिशेबानं.

पितळेत करा. मध्यभाग किंचित फुगीर ठेवायला सांगा, बेल्ट आपोआप मध्ये राहतो. आणि बोअर (मधलं भोक) व बाहेरचा व्यास एकाच सेटिंगला काढा, मगच पार्टिंग करा, म्हणजे कापून वेगळं करा. जॉब चकमधून काढून उलटा धरला की केसभर रनआउट (डगमग) येतो आणि गाणं लाटेसारखं हेलकावतं. छोटं काम म्हणून पोरं कंटाळा करतात, समोर उभे राहा.

चोर्ल्याच्या पलीकडची (म्हापसा)

मी माहेरची टिळकवाडीची. कोऱ्या लेबलच्या रेकॉर्डींचं सांगते. मधल्या कागदाच्या बाहेर जो गुळगुळीत भाग असतो तिथं टॉर्च तिरपा धरा. कोरलेली अक्षरं आणि आकडे दिसतील. ते डिस्कॉग्सवर शोधायचे. ती साइट २००० साली निघाली तेव्हा फक्त इलेक्ट्रॉनिक संगीतासाठीच होती, त्यामुळे हाउसची नोंद तिथं भरपूर आहे. पांढऱ्या लेबलच्या रेकॉर्डी बहुधा डीजेंना आधी वाटलेल्या प्रती असतात. सुरुवातीच्या काही सेकंदांत खरखर असेल तर ती बुरशी नाही. डीजे तिथं पिन ठेवून रेकॉर्ड पुढंमागं फिरवतात, ती झीज आहे. आणि शिकागोच्या सुरुवातीच्या काही रेकॉर्डींचं प्लास्टिकच हलकं होतं, नव्या असतानाही त्या तडतडायच्या. घासून घासून त्या रेकॉर्डी मारू नका.

आणखी रेकॉर्डींसाठी गोव्याला याल तर फार आशा धरू नका. सगळ्यांना वाटतं हणजुण्याला (अंजुनाला) ढीग पडले असतील. १९८० च्या दशकात तिथल्या पार्ट्यांत डीजे कॅसेटवर वाजवायचे, पुढं डॅटवर (डिजिटल टेपवर). उन्हात आणि वाळूत रेकॉर्डी टिकत नव्हत्या. ऊन लागलं की वाकायच्या.

निपाणीच्या काकांसाठी एक: हे संगीत एवढंही परकं नाही हं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या ३०३ (बेस सिंथ) आणि ८०८ (ड्रम मशीन) यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. शिकागोतून त्याच ३०३ च्या आवाजाची ॲसिड हाउसची पहिली गाजलेली रेकॉर्ड आली १९८७ मध्ये. शिकागोवाल्यांनी ती ऐकली होती असं कुणी म्हणत नाही, पण पाच वर्षं आपण पुढं होतो.

जुनी तबकडी

कुठले राग?

चोर्ल्याच्या पलीकडची

दहा आहेत काका. भैरव, तोडी, ललत, यमन. ऐका आणि शिव्या इथंच द्या.

पिन घसरली

अपडेट. पुली झाली. माझी पायरी बरोबर १० भरली, बेल्ट ०.६. मी १२.१२ लिहून नेलं होतं. ज्यानं काढली तो म्हणाला, "बारा धरूया की ओ, सरळ आकडा आहे." मी समोर उभा होतो, तरी मान डोलावली. लेथवरचे दादा, माफ करा.

घरी आणून लावली. तीन मिनिटांत ९९ ला थोड्या कमी. ॲप १२२ आणि १२३ च्या मध्ये नाचतंय. बाई आता बाईसारखी गातेय, सगळं घाईत आल्यासारखं वाटतंय आणि मला अजून सवय होत नाही. आई स्वयंपाकघरातनं म्हणाली, "ते बुवा कुठं गेले?" जुनी पुली डबीत ठेवलीय, आईला बुवा हवे झाले तर.

आप्पांना परत बोलावलं. पांढरी तीन दाबून बराच वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, "भजनाला चालेल."

पितळ परत चिकटवता येत नाही, त्यामुळे उद्या दुसरी काढायला टाकतोय, १२.१२ ची. कागदावर आकड्याखाली दोन रेघा मारल्यात. रेकॉर्डी धुवून २१ झाल्या, ४२ राहिल्या. डिस्टिल्ड पाणी संपलंय.