लातूरच्या घरी भिंतीत सरकणाऱ्या दाराला कडी कोणती लावावी?

प्रेषक: लातूरवाला, न्यू जर्सी

मंडळी नमस्कार,

गणपतीच्या वर्गणीच्या मेल्समधे हा विषय घुसवतोय, सांभाळून घ्या, पण इथं घराचं काम काढलेले लै जण आहेत म्हणून विचारतो. लातूरला आमच्या खालच्या बेडरूमला लागून बाथरूम आहे, तिचं दार आतल्या बाजूला उघडायचं. आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे. आणि मागं शेजारच्या आजी बाथरूममधे पडल्या तेव्हा त्यांचंच अंग दाराला टेकलेलं, त्यामुळे दार ढकलता येईना, शेवटी खिडकीचे गज कापून पोरगा आत उतरवला. तेव्हापासून आमच्याकडे दार सरकतं करायचं ठरलं. भिंतीच्या बाहेरून सरकवायला जागा नाही, तिथं आईचं गोदरेजचं कपाट आहे आणि ते तिथून दुसरीकडे जाणार नाही, म्हणून पॉकेट डोअर. विटांची साडेचार इंची भिंत तशीच ठेवली आणि बेडरूमच्या अंगानं लोखंडी चौकोनी पाइपची फ्रेम, त्यावर सिमेंट बोर्ड, मधल्या पोकळीत दार. ट्रॅक बसला, ३५ एमएमचं फ्लश डोअर लटकलं, एका बोटानं सरकतंय.

घोडं अडलंय कडीपाशी. मिस्त्री म्हणायलेत टावर बोल्ट, म्हणजे ती दांडी सरकवायची कडी, मारून देतो, दहा मिनिटाचं काम. आई म्हणते कडी नसलेल्या न्हाणीत मी पाय ठेवणार नाही, घरात सतत कोणी ना कोणी आलेलं असतं. आणि बाबा म्हणायलेत कडीच नको. ३० सप्टेंबर ९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जो हादरा बसला त्यात आमचं मागचं दार चौकटीत आवळून बसलं होतं, तेव्हापासून ते बाथरूमला कडी लावत नाहीत, नुसतं खाकरतात. आता ह्या दोघांच्या मधे मी, तेही व्हिडिओ कॉलवर. कुणी असं कुलूप बसवलंय का?

–

प्रेषक: परभणीकर काका

अरे, मी जर्मनीला येऊन बरीच वर्षं झाली पण ह्या लिस्टवरून नाव काढलेलं नाही, जगात जर्मनी भारतात परभणी ही म्हण मी एकटाच खरी करतोय.

टावर बोल्ट अजिबात लावू देऊ नको. एक तर तो दाराच्या बाहेर उठून बसतो, दार पोकळीत जाताना तिथंच अडकणार. दुसरं म्हणजे साधा सरळ खटका सरकत्या दाराला काही कामाचा नाही. नेहमीच्या दाराचा खटका दाराच्या चालीला आडवा असतो म्हणून धरून ठेवतो, सरकत्या दारात खटका ज्या दिशेला बाहेर येतो त्याच दिशेला दार चालतं, ओढलं की आलं. त्याला हूक लागतो, फिरून चौकटीतल्या पट्टीच्या मागं जाऊन अडकणारा. दुकानात 'स्लायडिंग डोअर हूक लॉक' असंच मागायचं. आणि दोन्ही बाजूची मूठ सपाट, दारात खोल बसलेली पाहिजे.

बाबांचं म्हणणं पण उडवून लावू नको. किल्लारीच्या त्या भूकंपानं जवळपास आठ हजार माणसं नेली, त्या पिढीच्या डोक्यातून ते जाणार नाही. बाहेरच्या बाजूला चीर असलेलं कुलूप घे, त्यात रुपयाचं नाणं घालून फिरवलं की हूक सुटतो. बारीक भोकात पिन घालायचं मॉडेल घेऊ नको, ऐनवेळी घरात पिन सापडत नसते.

–

प्रेषक: नांदेडची ताई, ओहायो

काकांचं सगळं बरोबर, पण मूठ सपाट हा भाग मला पटत नाही. माझ्या सासूबाई इथं आल्या की आमच्या ह्याच दाराशी रोज भांडण. त्या गोल मुठीच्या खड्ड्यात एक एवढीशी चावी असते, ती दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवायची, वर हात ओला, संधिवाताची बोटं, फिरतच नाही. आणि दार पूर्ण भिंतीत गेलं की बाहेर काढायला कडेला ती छोटी ओढणी असते, नखानं उचकटायची. तरण्याताठ्या माणसाला ठीक आहे, आजीला नाही.

आम्ही काय केलं, पोकळीच्या मागच्या टोकाला लाकडी ठोकळा आणि रबराचा बफर लावला, दार आता पूर्ण आत जातच नाही, साधारण तीन इंच बाहेर राहतं. मग त्या तीन इंचात उभी डी आकाराची मोठी मूठ बसली, पूर्ण पंजा घालून ओढता येते, आणि आतल्या बाजूला चावीच्या जागी जरा लांब दांडीचं वळण लावलं, कोपरानं पण फिरतं. फक्त रुंदीचा हिशेब आधी कर. व्हीलचेअरला ८१५ एमएम मोकळी वाट धरतात, दार ९०० चं असेल तर ८० बाहेर ठेवून ८२० उरते, म्हणजे काठावर पास.

–

प्रेषक: लातूरवाला

ताई, हे एकदम कामाचं. दार ९५० चं आहे त्यामुळे ऐंशी गेले तरी वांधा नाही. पण मिस्त्रींना हे सांगितलं तर ते काय म्हणाले बघा, "दार आत जाणारच नाही म्हणता ना, मग लावू की टावर बोल्ट!" 😀 मी म्हणलं बाहेरून उघडणार कसा, तर म्हणाले लाथ मारायची.

आणखी एक अडचण राहिली, चौकट ग्रॅनाइटची आहे. हुकाची पट्टी तिच्यात बसवायची कशी?

–

प्रेषक: संभाजीनगरचा भाचा, टेक्सास

दादा, आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकी, मी एकटाच कंप्युटरवाला निघालो, तरी सुट्टीत काकाच्या हाताखाली रंधा मारलाय म्हणून सांगतो.

ग्रॅनाइटला हात लावू नका. हूक आत शिरायला पट्टीच्या मागं पाऊण इंच तरी पोकळी लागते, ग्रॅनाइटमधे तेवढं कोरायला गेलात की कोपरा उडणार, आणि पॉलिश केलेल्या चौकटीचा उडालेला कोपरा आयुष्यभर दिसत राहतो. त्यापेक्षा चौकटीला लागून सागवानाची नाहीतर डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकची) उभी पट्टी लावा, वरपासून खालपर्यंत, रावळ प्लग आणि स्टेनलेसचे स्क्रू, मागून सिलिकॉन. तिच्यात एक उथळ उभी खाच काढली तर दाराची कड तीत जाऊन बसते, फटीतून दिसत पण नाही, आईसाहेब खूश. पट्टी पंचवीस एमएम जाड धरा, ती वाट खाणार तेवढी रुंदीतून वजा करा.

आता कुलूप. बाजारात दोन तऱ्हा आहेत. एक गोल, त्याला दारात ५४ एमएमचं आरपार भोक आणि कडेतून एक इंची भोक लागतं, होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, नसेल तर हे करूच नये. दुसरं चौकोनी, त्याला दाराच्या कडेतून चौकोनी खाच काढायची असते, ती आपल्याकडचे मिस्त्री पटाशीनं डोळे झाकून काढतात, मी म्हणेन हेच घ्या. अमेरिकेतून नेणार असाल तर इथली आतली दारं पावणेदोन नाही, एक पूर्णांक तीन अष्टमांश इंची असतात म्हणजे ३५ एमएम, तुमचं दार तेवढंच आहे म्हणून जमतंय, बाथरूमला बरेच जण ३० चं लावतात त्यांना हे ढिलं होईल. पण तेवढ्यासाठी इथून न्यायलाच पाहिजे असं नाही, हाफेले, एबको वगैरेंचा सरकत्या दारांचा माल आपल्याकडे मिळतो, लातूरच्या गंजगोलाई बाजारात नाही मिळाला तर पुण्याहून मागवा. जस्ताच्या ओतीव मालाला वरून चमक दिलेली असते ते घेऊ नका, आपल्याकडं बोअरचं पाणी कसलं जड आहे माहितीय, वर्षभरात पांढरं धरतं. ३०४ स्टेनलेस नाहीतर भरीव पितळ.

खाच काढल्यावर लगेच कुलूप ठोकायची घाई करू देऊ नका, कापलेल्या उघड्या लाकडाला आधी दोन हात प्रायमर किंवा वॉर्निश, नाहीतर आंघोळीच्या वाफेनं तिथंच फुगतं आणि हूक घासायला लागतो. चौकटीवरची जागा टेप धरून मोजायचीच नाही. आधी वरच्या चाकांचे बोल्ट फिरवून दार ओळंब्यात आणा, कड चौकटीला वरखाली सारखी टेकली पाहिजे. मग हूक बाहेर काढायचा, त्याच्या टोकाला जरा ओलं कुंकू लावायचं, दार लोटायचं, त्या उभ्या पट्टीवर टिळा उमटतो, तिथं भोक. हुकाची पट्टी स्क्रूची भोकं लांबट असलेली घ्या कारण चाकं पुढं थोडी बसतात आणि दार एक-दोन एमएम खाली येतं, तेव्हा पट्टी पण तेवढी खाली सरकवता येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. त्या पोकळीच्या भिंतीत कुणी खिळा मारायचा नाही. बाहेरच्या बोर्डाच्या जाडीपेक्षा लांब स्क्रू गेला की तो आतल्या दाराला ओरखडे काढतो, नाहीतर दार तिथंच अडकवतो, आणि मग बोर्ड फोडल्याशिवाय इलाज नाही. कालनिर्णय, देवाचा फोटो, नॅपकिनची खुंटी, सगळं दुसऱ्या भिंतीवर. बोर्ड बंद करण्याआधी फ्रेमचे फोटो काढून ठेवा.

–

प्रेषक: परभणीकर काका

भाच्यानं पावणेदोनचं मधेच काय काढलं ते सांगतो, बाहेरच्या मुख्य दारांची जाडी तेवढी असते, त्यांचं कुलूप चुकून उचलू नको म्हणून. आणि ताईंची तीन इंचाची युक्ती मला मान्य, सपाट मुठीचं मागं घेतो. हूक मात्र सोडू नको.

–

प्रेषक: लातूरवाला

सगळ्यांना धन्यवाद. बाबांना कॉलवर नाण्याचं दाखवलं, माझ्या इथल्या दारावर आतून कडी लावून पोरीला बाहेरून उघडायला सांगितलं. ते म्हणाले, "बरं, मग नाणं दाराच्या वरच ठेवायचं, दोरीला बांधून." कबूल केलंय. आईनं आधीच विचारलं की खुंटी कुठं मारू, तर तिला दुसरी भिंत दिलीय.

चौकोनी, ३०४ चं, लांब दांडीच्या वळणाचं एक इथं मिळालंय. लातूरला जे पुण्याहून येणार त्यात आतलं वळण छोटंच आहे, म्हणून हेच पाठवतो. नोव्हेंबरात दिवाळीला संभाजीनगर, नांदेड, लातूर कुठंही जाणारं कुणी आहे का? डबा छोटा आहे, वजन किलोभर पण नाही, चेक-इन बॅगेत टाकलेला बरा. तिकडून घ्यायला आमचा चुलतभाऊ येईल. प्लीज मला वेगळ्या मेलवर कळवा, ह्या धाग्यात वर्गणीचंच राहू द्या.